ठरलेला खर्च, न ठरलेली मिळकत: उद्योजक नक्की काय करतो?

प्रश्न एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीचा आहे. तिला 'उद्योजकता' हा विषय आहे आणि त्यात उद्योजकाचे गुण पाठ करावे लागतात: धाडस, नेतृत्व, कल्पकता वगैरे. तिचं म्हणणं असं, की एवढं पाठ करूनही उद्योजक म्हणजे कोण ते कळत नाही. दुकानदार उद्योजक का? शेतकरी? देशाच्या अर्थव्यवस्थेत त्याचं काम फक्त नोकऱ्या देण्याचं का? आणि पुढे स्वतःचं युनिट टाकायचं असेल तर आधी काय शिकावं?

गुणांची यादी बाजूला ठेवा. धाडसी माणसं सैन्यात असतात, कल्पक माणसं शाळेत शिकवतात, नेतृत्व करणारी माणसं प्रत्येक गावात सापडतात. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात बिडाचं (ओतीव लोखंडाचं) ओतकाम आणि मशीनिंग यांत माझं आयुष्य गेलं. या काळात बुजरे, कमी बोलणारे, जोखमीला घाबरणारे कितीतरी उत्तम उद्योजक मी पाहिले. माणूस स्वभावाने कसा आहे यावरून उद्योजक ओळखता येत नाही. पैशाच्या व्यवहारात तो कुठे उभा आहे ते बघा. ज्याचा खर्च ठरलेला असतो आणि मिळकत ठरलेली नसते, तो उद्योजक.

हे माझं संशोधन नाही. रिचर्ड कँटिलॉन नावाचा मूळचा आयरिश सावकार अठराव्या शतकात पॅरिसमध्ये होता. त्याच्या मृत्यूनंतर १७५५ साली छापल्या गेलेल्या लिखाणात हा विचार पहिल्यांदा स्पष्ट मांडलेला दिसतो. त्याने समाजाचे ढोबळ भाग पाडले. जमीनदार सोडले, तर एका बाजूला ठरलेला पगार घेणारे आणि दुसऱ्या बाजूला ठरलेल्या भावाने घेऊन न ठरलेल्या भावाने विकणारे. त्याचं पहिलं उदाहरण शेतकऱ्याचं होतं. जमीनमालकाला खंड किती द्यायचा हे त्याला आधीच माहीत असतं, पण धान्याला भाव काय येईल हे माहीत नसतं. तेव्हा तुमच्या प्रश्नातला शेतकरी उद्योजक आहे, आणि तो आजचा नाही, या व्याख्येच्या जन्मापासूनचा आहे.

आपल्याच सांगली जिल्ह्यात याचे दोन नमुने शेजारी-शेजारी दिसतात. ऊस लावणाऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, आहे. निदान किमान दर कायद्याने ठरलेला आहे आणि ऊस दिल्यावर १४ दिवसांत पैसे देण्याचं बंधन कारखान्यावर आहे (ते किती पाळलं जातं हा वेगळा विषय). तासगावच्या द्राक्षबागायतदाराला असा कुठलाच दर नाही. छाटणी, औषधं, मजुरी, मांडवाचं कर्ज हे सगळं आधी. मग अवकाळी पाऊस, मग व्यापारी. द्राक्ष म्हणून विकायची की बेदाणा करून शीतगृहात ठेवायचा, हा निर्णय त्याचा आणि त्याचा परिणामही त्याचाच. जमीन तीच, पाणीही तेच. पण अनिश्चितता द्राक्षवाल्याने अंगावर जास्त घेतली आहे, म्हणून या अर्थाने तो जास्त उद्योजक. दुकानदाराचंही तसंच. माल परत घेण्याच्या बोलीवर ठेवणारा दुकानदार हा जवळपास कमिशन एजंट असतो. दिवाळीच्या दोन महिने आधी रोखीने माल भरणारा दुकानदार उद्योजक असतो.

आता खरं उदाहरण घेऊ. ते आमच्याच पट्ट्यातलं आहे आणि मला त्यातून आजही शिकायला मिळतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत यांत्रिक ड्रॉइंग शिकवत. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान होतं, तिथून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि पुढे लोखंडी नांगराकडे वळले. ही गोष्ट आपल्याकडे स्फूर्तिकथा म्हणून सांगतात आणि तिच्यातला अर्थशास्त्राचा भाग गाळतात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, अशी प्रसिद्ध हकीकत आहे. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. त्या दोन वर्षांत कच्चं लोखंड विकणाऱ्याचे पैसे चुकले नसणार, कामगारांची मजुरी चुकली नसणार. न विकलेले नांगर मात्र किर्लोस्करांच्या अंगणात पडून होते. नंतर बेळगाव नगरपालिकेला त्यांची जागा नव्या वसाहतीसाठी हवी झाली आणि चालता कारखाना उचलायची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ जमीन दिली, दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं आणि १९१० साली निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

अशा धंद्यात तीन वेगवेगळ्या अडचणी असतात, त्या वेगळ्या करून बघा. कारखान्याला आग लागणं ही जोखीम आहे. किती कारखान्यांना आग लागते याचा हिशेब मांडता येतो, म्हणून तिचा विमा मिळतो. शेतकरी लोखंडी नांगर घेईल की नाही, ही अनिश्चितता. असा नांगर या शेतकऱ्यांना पूर्वी फारसा विकला गेलेला नव्हता, त्यामुळे हिशेब मांडायला आकडेच नाहीत. या दोहोंतला फरक अमेरिकन अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट याने १९२१ साली मांडला आणि तो म्हणाला, की नफा मिळतो तो दुसऱ्या प्रकाराबद्दल. पहिल्या प्रकाराबद्दल फक्त विम्याचा हप्ता भरायचा असतो. तिसरी अडचण जागा जाण्याची, म्हणजे नियम आणि सत्ता यांच्याकडून येणारी. तिथे उद्योजकाच्या हुशारीचा फारसा उपयोग होत नाही, तिथे पंतप्रतिनिधींसारखा शहाणा राज्यकर्ता लागतो. भारतात तरुण उद्योजकाची सगळ्यात जास्त ताकद या तिसऱ्या अडचणीत खर्ची पडते, असं माझं ठाम मत आहे. ती ताकद दुसऱ्या अडचणीसाठी राहिली पाहिजे.

आता अर्थव्यवस्थेतल्या भूमिकेकडे येऊ. कारखान्याच्या विक्रीतून पैसे येतात तेव्हा रांगेत कोण कोण उभं असतं? कामगार, कच्च्या मालाचा व्यापारी, वीज कंपनी, बँक, सरकार. प्रत्येकाची रक्कम आधीच ठरलेली असते. रांगेच्या शेवटी मालक असतो. उरलं तर त्याचं, कमी पडलं तरी त्याचंच. म्हणजे बाकीच्यांना जी निश्चितता मिळते ती हवेतून येत नाही, कुणीतरी अनिश्चितता स्वतःकडे घेतलेली असते म्हणून मिळते. दहा तारखेला ठरलेला पगार हातात येतो, त्या भरवशावर लेथवर काम करणारा टर्नर घराचं कर्ज काढतो, मुलीला शिकवतो. हे उद्योजकाचं पहिलं आर्थिक काम आणि ते कुठल्याच आकडेवारीत स्वतंत्रपणे दिसत नाही.

दुसरं काम नव्या मांडणीचं. जोसेफ शुम्पीटर या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञाने १९११ साली लिहिलं, की उद्योजक हा असलेल्या गोष्टींची नवी जुळणी करतो: नवी वस्तू, नवी पद्धत, नवा बाजार, कच्च्या मालाचा नवा स्रोत किंवा उद्योगाची नवी रचना. बीड होतं, बैल होते, कुंदा आणि हरळीने भरलेली काळी जमीनही होती. लोखंडी नांगराने त्यांची गाठ नव्याने घातली. जमीन खोल नांगरली जाऊ लागली, आणि शेतीतून जास्त उत्पन्न आलं की गावात इतर वस्तू घेणारा माणूस तयार होतो. उत्पादकता वाढते ती अशी. नुसती नोकऱ्यांची संख्या वाढवणं सोपं आहे. खड्डे खणायला आणि बुजवायला माणसं लावली तरी ती वाढते.

तिसऱ्या कामाबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण पुस्तकं त्याकडे फार कमी बघतात. कारखाना माल बनवतो तसाच तो माणसं घडवतो. आमच्याकडे शेतीपंपासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांचा धंदा जोरात होता. त्या इंजिनांना बिडाचे भाग लागत, म्हणून फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आल्या. फाउंड्रीला वाळूत साचा उठवण्यासाठी लाकडी पॅटर्न लागत, म्हणून सुतार पॅटर्नमेकर झाले. कास्टिंगला मशीनिंग लागतं, म्हणून कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या गल्ल्यांत लेथ बसले. पुढे खेडोपाडी वीज आली, इलेक्ट्रिक मोटार आली आणि शेतीच्या इंजिनांचा बाजार आटला. कागदावर हा उद्योग संपायला हवा होता. तसं झालं नाही. वाळूचा ओलावा हाताच्या मुठीत ओळखणारा मोल्डर, ओतलेला रस थंड होताना कुठे आकसेल हे सांगणारा मिस्त्री, गेज न लावता गडबड ओळखणारा टर्नर, ही माणसं इथेच होती. त्यांच्या जोरावर कोल्हापूरच्या शेकडो फाउंड्र्या वाहनांच्या सुट्या भागांकडे, पंप-व्हॉल्व्हकडे आणि निर्यातीकडे वळल्या. ज्यांनी पहिली इंजिनं बनवली त्यांच्यातले अनेक कारखाने आज नाहीत, पण त्यांनी तयार केलेलं कौशल्य दुसऱ्यांच्या शेडमध्ये काम करतंय. गेल्या पिढीतल्या कितीतरी मालकांनी सुरुवात कुणाच्या तरी लेथवर हेल्पर म्हणून केली होती.

म्हणून बंद पडलेला कारखाना म्हणजे समाजाचं निव्वळ नुकसान, असं मी मानत नाही. त्याची मशीन लिलावात जातात आणि महिन्याभरात दुसऱ्या कुणाकडे फिरायला लागतात. कारागीर पुढे जातात. कुठल्या वस्तूला गिऱ्हाईक नाही हे बाकीच्यांना फुकट कळतं. नुकसान होतं ते मालकाच्या कुटुंबाचं, कारण आपल्याकडे धंद्याच्या कर्जाला राहतं घर तारण असतं आणि गावात नाव जातं. प्रामाणिकपणे बुडालेल्या माणसाला पुन्हा उभं राहता आलं, तर त्याचा अनुभव देशाला वापरायला मिळतो. तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून २००० साली सुरू झालेली पत हमी योजना, सीजीटीएमएसई, या दृष्टीने मला फार मोलाची वाटते. बँकेत जाल तेव्हा तिच्याबद्दल आवर्जून विचारा. काही शाखाधिकारी स्वतःहून सांगत नाहीत.

मात्र उद्योजकता म्हणजे आपोआप चांगलंच, असंही समजू नका. अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल याने १९९० साली एक गोष्ट नेमकी दाखवली. उद्यमी माणसं प्रत्येक समाजात असतात, पण ती कुठे वळतात हे नियम ठरवतात. औद्योगिक प्लॉट घेऊन कारखाना न काढता भाव वाढायची वाट बघणारा माणूसही हुशार असतो, जोखीमही घेतो. अनुदानाचं पत्र मिळेपर्यंत मशीन फिरवून नंतर शेडला कुलूप लावणाराही तसाच. दोघांना पैसे मिळतात आणि समाजाच्या पदरात काहीच पडत नाही. ज्या गावात प्लॉट धरून ठेवण्यात लेथ चालवण्यापेक्षा जास्त कमाई आहे, तिथल्या मुलांना धाडसाचे धडे देऊन उपयोग नाही.

आकड्यांत आपली खरी दुखरी जागा दिसते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या पाहणीत देशात सुमारे ६.३४ कोटी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मोजले गेले आणि त्यांत ११.१० कोटी लोक काम करत होते. तेव्हाच्या व्याख्येनुसार यातले लघू उद्योग ३.३१ लाख, मध्यम उद्योग फक्त पाच हजारांच्या घरात आणि उरलेले सगळे सूक्ष्म. म्हणजे सुरू करणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. सुरू झालेले वाढत नाहीत. का वाढत नाहीत, याची कारणं अनेक सांगितली जातात. मी रोज बघतो ते कारण रोखीचं आहे आणि ते एका हिशेबाने समजतं.

समजा तुमचं मशीनिंगचं युनिट आहे. महिन्याची विक्री १० लाख. कच्चा माल ५ लाख, पगार-मजुरी २ लाख, वीज, टूल्स, भाडं, वाहतूक मिळून दीड लाख. शिल्लक दीड लाख. नफा चांगला आहे. आता दिवस मोजा. कच्चा माल आल्यावर १५ दिवस पडून, १५ दिवस मशीनवर, बिल गेल्यावर पैसे यायला ६० दिवस. खर्च केलेला रुपया परत यायला तीन महिने लागतात. म्हणजे ढोबळ हिशेबाने २५ लाख रुपये कायम अडकलेले. माल देणाऱ्याने तीस दिवसांची उधारी दिली तर ५ लाख कमी, तरी २० लाख उरतातच. जीएसटीचा दर १८ टक्के धरला, तर १० लाखांच्या विक्रीवर १ लाख ८० हजार कर, त्यातून खरेदीवरचे ९० हजार वजा, उरलेले ९० हजार पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचे. गिऱ्हाइकाचे पैसे त्यानंतर येणार. अशात मोठी कंपनी म्हणाली, "काम आवडलं, ऑर्डर दुप्पट करतो." घरात पेढे वाटले जातात. पण दुप्पट ऑर्डरला आणखी २० लाख लागणार आणि नफा महिन्याला दीड लाख. घरी एक रुपया न नेता साठवले तरी वर्षाहून जास्त काळ लागेल. आमच्या भागात ऑर्डर नसल्याने बुडालेले लोक आहेत, तसे ऑर्डर वाढल्याने बुडालेलेही आहेत. हे दुसरे लोक बुडताना नफ्यात होते.

म्हणूनच मोठ्या खरेदीदाराने पैसे थकवणं हा मला फक्त लहान कारखानदाराचा खासगी त्रास वाटत नाही. सुरुवातीला सांगितलं, की उद्योजक अनिश्चितता स्वतःकडे घेतो. ती बाजाराची असायला हवी. बिल मंजूर आहे, माल वापरला गेला आहे, आणि पैसे कधी येणार हे मात्र माहीत नाही, ही अनिश्चितता बाजाराने तयार केलेली नाही. ताकदवानाने ती कमजोरावर ढकललेली आहे, आणि त्यापायी जो पैसा नव्या मशीनमध्ये गेला असता तो सीसी खात्याच्या (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या) व्याजात जातो. कायदा आपल्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याने लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. अडचण अशी, की व्याज मागणारा पुरवठादार पुढच्या ऑर्डरला मुकतो, म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. २०२३ च्या वित्त कायद्याने वेगळा मार्ग काढला. सूक्ष्म आणि लघू उत्पादकांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. इथे पुरवठादाराला भांडावं लागत नाही, खरेदीदाराचा ऑडिटरच त्याला विचारतो. शिवाय ट्रेड्स नावाची व्यवस्था आहे. मोठ्या कंपनीने मान्य केलेलं बिल तिथे बँका आणि वित्तसंस्था लिलावाने घेतात आणि तुम्हाला थोडी सूट कापून लगेच पैसे मिळतात. कंपनीने पुढे पैसे बुडवले तरी ते तुमच्याकडून वसूल होत नाहीत. ऑर्डर घेण्याआधी ती कंपनी ट्रेड्सवर आहे का, हे विचारायला अजिबात संकोच करू नका.

आता शेवटचा भाग: आधी काय शिकावं. तुम्ही अभियंता होणार, म्हणजे वस्तू बनवायला शिकालच. नगाचा खर्च काढायला शिका, आणि त्यात स्वतःचा पगार धरा. वडिलांची जागा असेल तर तिचं बाजारभावाचं भाडं धरा. घरातली बाई हिशेब लिहीत असेल तर तिचाही पगार धरा. हे न धरता "धंदा नफ्यात आहे" म्हणणारी पुष्कळ युनिट मी पाहतो. प्रत्यक्षात तिथे बापाची जमीन आणि बायकोची मेहनत हळूहळू विकली जात असते. मग किती नग विकले म्हणजे खर्च भागतो ते काढा. महिन्याचा कायमचा खर्च २ लाख ४० हजार, नगाची किंमत ६० रुपये आणि नगामागे बदलता खर्च ३६ रुपये असेल, तर नगामागे २४ रुपये सुटतात आणि १० हजार नगांवर तुम्ही समेवर येता. आता स्वतःला विचारा: या दहा हजारांपैकी किती नगांची ऑर्डर हातात आहे? उत्तर येईपर्यंत मशीन घेऊ नका. तोवर जॉबवर्कने, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर मजुरी देऊन, करून घ्या. नगाला दोन-चार रुपये जास्त जातील, पण लोखंडी नांगर खपतो की नाही हे कारखाना न बांधता कळेल. अनिश्चितता अंगावर घ्यायची म्हणजे डोळे मिटून घ्यायची असं नाही. जी पैसे न घालता कमी करता येते ती आधी कमी करायची.

कर्ज आणि योजनांची माहिती नंतर मिळते. मुद्रा कर्ज, पीएमईजीपी ही अनुदानाची योजना, जिल्हा उद्योग केंद्र सगळं आहे. अनुदान धरून हिशेब जमत असेल आणि ते वगळल्यावर जमत नसेल, तर तो धंदा करू नका. उद्यम नोंदणी मात्र पहिल्या दिवशी करा. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे, दलालाला पैसे देऊ नका. नोंदणीचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा, कारण वर सांगितलेलं कायद्याचं संरक्षण मागताना माल देण्याच्या आधीची नोंदणी दाखवता आली पाहिजे.

आणि पदवीनंतर लगेच युनिट टाकू नका. दोन-तीन वर्षं एखाद्या लहान कारखान्यात नोकरी करा, जिथे मालक स्वतः शॉपफ्लोअरवर फिरतो. मोठ्या कंपनीत तुम्हाला एकच टेबल मिळेल. लहान कारखान्यात सकाळी माल नाकारून परत का आला ते बघाल, दुपारी गिऱ्हाइकाच्या डेबिट नोटला (बिलातून पैसे कापल्याच्या पत्राला) उत्तर लिहाल आणि संध्याकाळी मालक बँकेशी काय बोलतो ते ऐकाल. संधी मिळाली तर खरेदी आणि वसुलीचं काम मागून घ्या. ती खाती कुणालाच नको असतात, त्यामुळे ती सहज मिळतील.